बाबांच्या नावाची कॅसेट

मिलिंददादा, तुझ्या पुण्यानुमोदनाला लोक तुझ्याबद्दल भरभरून बोलले. शांत माणूस, कुणाला उलट शब्द नाही, हाताला यश असलेला कारागीर. मलाही दोन शब्द बोल म्हणाले, तर मी नुसती मान हलवली आणि खाली बघत बसले. लोकांना वाटलं, धाकटी बहीण आहे, गळा दाटून आला असेल. गळाबिळा काही दाटला नव्हता. मला तुझा संताप आला होता, आणि भंतेजींसमोर, बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोसमोर तो काढणं बरं दिसलं नसतं. आज पूर्णेला तुझ्या मागच्या खोलीत बसलेय. दार लावून घेतलंय. आता ऐक.

शांत माणूस म्हणे! दुकानात मिक्सर आणि टेबलफॅन दुरुस्त करताना असशील शांत. या खोलीतल्या वस्तूंवरून तू माझ्याशी किती भांडलास, हे त्या लोकांना काय माहीत? चाळीसएक जुने व्हिडिओ गेम, त्यांचे रिमोट, बंदुका, अ‍ॅडॉप्टर, खोकीच्या खोकी कॅसेटी आणि भिंतीला टेकून ठेवलेले तीन जाडजूड पेटीटीव्ही. वहिनीला एक कपाट ठेवायला जागा मिळाली नाही या घरात, पण परभणीच्या कुणाच्या तरी माळ्यावरून आणलेला तो लाकडी तोंडाचा जुना गेम, नुसता मुडदा, मात्र ऐसपैस बसलाय. तो तर चालतही नाही.

तुझे नियमही तुझ्यासारखेच. विकत घ्यायचं नाही, विकायचं नाही. वस्तूला वस्तू द्यायची. आणि देण्याआधी दोघांनी समोरासमोर बसून त्या मशिनवर एक डाव खेळायचा. मग देणाऱ्यानं म्हणायचं, “चालू दिली,” घेणाऱ्यानं म्हणायचं, “चालू घेतली,” की चहा. नांदेड, सेलू, जालना, कुठून कुठून तुझ्यासारखीच रिकामटेकडी माणसं यायची. पन्नाशीतले बाप्ये मांडी घालून टीव्हीसमोर बसायचे, आणि वहिनी तिसऱ्यांदा चहा टाकायची. मी चेष्टा करायचे, पण सौद्याची तेवढी सरळ रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. हे तुला मी कधी म्हणाले नव्हते. आता म्हणून काय उपयोग!

आपलं पहिलं मशीन बाबांनी सिकंदराबादहून आणलं. पूर्णा जंक्शनला रूळ बदलणारा पॉइंट्समन असलेला माणूस ड्यूटी संपवून येताना पिशवीत भाजी आणतो. आपल्या बाबांनी व्हिडिओ गेम आणला, आणि आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. क्वार्टरमधली पोरं खिडकीला लोंबकळायची. त्या मशिनचे दोन रिमोट मशिनलाच जोडलेले. पहिल्या रिमोटला स्टार्टचं बटण होतं, दुसऱ्याला नव्हतंच. आणि पहिला रिमोट कायम तुझ्या हातात. खेळ कधी सुरू करायचा ते तू ठरवायचास, मध्येच थांबवायचा ते तूच. मी तहान लागली तरी उठू शकत नव्हते, कारण माझा माणूस मरायचा. मी रडले की तू म्हणायचास, “कंपनीनंच तसं केलंय, मी काय करू?” कंपनीचं नाव पुढं करून तू सात वर्षं दादागिरी केलीस.

मला परभणीच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा तू एक खोकं आणून दिलंस. आत तेच जुनं मशीन, आणि दुसऱ्या रिमोटला तू स्वतः बसवलेलं स्टार्टचं बटण. लाल रंगाचं, थोडं तिरकं. मी म्हणाले, वरातीमागून घोडं. तू हसलास. तू खोकं ठेवून परत गेलास, आणि त्या रात्री मी... नको, ते तुला सांगणार नाही. तेवढा तुझा हक्क राहिलेला नाही.

मुद्द्यावर येते. मुद्दा एकच आहे, ती पिवळी कॅसेट.

तीही बाबांनीच आणलेली, सगळी जपानी. एक टोपीवाला माणूस गावोगाव हिंडतो, लोकांशी बोलतो, औषधं विकत घेतो, राक्षस मारतो. आपल्याला अक्षर कळत नव्हतं. तिसरी ओळ म्हणजे औषध, खालची ओळ म्हणजे पळ काढणे, असं आपण जागेवरून पाठ केलं होतं. बाकीच्या कॅसेटी मशीन बंद केलं की सगळं विसरायच्या. ही विसरत नव्हती. तिच्या पोटात घड्याळाला असतो तसला चपटा सेल होता, आणि तो जिवंत असेपर्यंत आपण कुठवर आलो ते ती लक्षात ठेवायची. सुरुवातीला तीन ओळी यायच्या, तिघांच्या तीन नावांसाठी. तुझ्या आणि माझ्या ओळी आपण शंभरदा पुसल्या असतील. बाबांची ओळ मात्र कधीच पुसली नाही.

नाव म्हणून बाबांनी चार जपानी अक्षरं निवडली होती, दिसायला आवडली म्हणून. पहिलं अक्षर हात खाली पडलेल्या सिग्नलसारखं. दुसरं रूळ आडवा कापल्यावर दिसतो तसं. तिसरं फाटे फुटलेल्या दोन रुळांसारखं. चौथं फुलीसारखं, त्याला ते क्रॉसिंग म्हणायचे. त्याचा उच्चार काय होतो कुणाला ठाऊक! आपल्या घरात त्याचा उच्चार ‘बाबा’ असाच होता. ड्यूटीवरून आले की हातपाय धुऊन अर्धा तास खेळायचे, वरची ओळ-खालची ओळ पुटपुटत. राक्षस मारण्यापेक्षा त्यांना गावोगाव हिंडून लोकांशी बोलायलाच जास्त आवडायचं. ते गेले तेव्हा त्यांचा माणूस एका नदीकाठच्या गावात उभा होता.

त्यानंतर दर स्मृतिदिनाला वंदना झाली की तू ती कॅसेट लावायचास. आई टीव्हीसमोर बसायची. आईला ना जपानी येत, ना इंग्रजी, पण त्या चार अक्षरांवर ती बोट ठेवायची. सिग्नल, रूळ, फाटा, क्रॉसिंग. मग तू बंद करायचास. एक मिनिटसुद्धा लागत नसे. नातेवाईक म्हणायचे, हे काय नवीन खूळ! आपण कुणाला समजावत बसलो नाही.

यावरून आपण भांडलो, आणि यावरचं भांडण पुरं झालं नाही.

मी शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवते. जुना गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम असतो, एम्युलेटर. तो कॉम्प्युटरला सोंग घ्यायला लावतो की मी कॉम्प्युटर नाही, तुझं ते जुनं मशीन आहे. मी शाळेच्या लॅबमध्ये तो टाकला आणि तुला मोठ्या हौसेनं दाखवला. तू दोन मिनिटं खेळलास आणि म्हणालास, “हे म्हणजे देखाव्यातलं जेवण हाय वैशे. दिसतंय, पण पोट भरत न्हाई.” मला राग आला, पण ते चालून गेलं. खरं बिनसलं या मे महिन्याच्या सुट्टीत. कॅसेट उतरवून घ्यायचं काडेपेटीएवढं यंत्र मी मागवलं. एका बाजूला कॅसेट, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप, की आतलं सगळं, सेलनं जपलेल्या नावासकट, फाइलमध्ये येतं. पाच मिनिटांचं काम. तुला म्हणाले, बाकीच्या कॅसेटींचं काय करायचं ते कर, बाबांची तेवढी उतरवून घेऊ. तीस वर्षं झाली त्या सेलला. तो आज जाईल, उद्या जाईल.

तू ऐकलंस? तू म्हणालास, उतरवलं की ते बाबांचं राहणार नाही, फाइल होईल, आणि फाइलच्या हजार फाइली होतील. मी म्हणाले, हजार झाल्या तर बिघडलं कुठं? तू म्हणालास, एकच आहे म्हणून तर आई बोट ठेवते. मी म्हणाले, सेल गेल्यावर आई कशावर बोट ठेवणार, तुझ्या हट्टावर? आवाज चढले. वहिनी मधे पडली. आणि मी निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाले, “बाबांचं नाव जर तुझ्या हातून गेलं ना दादा, तर मी पुन्हा तुझं तोंड बघणार न्हाई.”

रागात बोलते मी. तू मला लहानपणापासून ओळखतोस. नाकावर राग आहे, हे तूच सगळ्यांना सांगत फिरायचास.

त्यानंतर पावसाळ्यात तीन आठवडे तुझा फोन नाही. मी केला तर उचलायचा नाहीस. मग तासाभरानं मेसेज, ‘कामात हाय.’ मला वाटलं, तू फुगून बसलायस. मीही मग फोन केला नाही. म्हटलं, मीच का दर वेळी? बघू कोण आधी बोलतंय. तू बोललाच नाहीस. बोलणं आलं ते वहिनीच्या भावाचं, रविवारी दुपारी. तू सेलूच्या फलाटावर बाकड्यावर बसल्या बसल्या कलंडलास. लोकांनी रिक्षात घातलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

वहिनी सांगते, सकाळपासून घामाघूम होतास. छातीत जळजळतंय म्हणालास, पित्त झालंय म्हणालास, सोडा प्यायलास आणि गाडी पकडलीस. नवीन आलेल्या मशिनला पहिल्या दिवशी करंट द्यायचा नाही, आधी उघडायचं, आत काही फुगलंय का, जळालंय का बघायचं, हे तूच ना शिकवायचास जगाला? हे वाक्य तुझ्या मित्रांनी मला चार वेळा ऐकवलं, प्रत्येकानं स्वतःला सुचल्यासारखं. चौथ्याला मी म्हटलं, उठा आता, चहा झालाय तुमचा.

पण सेलूला तू कशाला गेलास, हे कुणालाच माहीत नव्हतं. तुझ्या पिशवीत मशीन नव्हतं, कॅसेट नव्हती. पाण्याची बाटली आणि परतीचं तिकीट. अदलाबदलीला जाणारा माणूस रिकाम्या हातानं जात नाही.

सांगितलं जब्बारभाईंनी. सेलूचे तुझे जुने दोस्त, टीव्ही मेकॅनिक. कार्यक्रम संपल्यावर लोक जेवायला बसले तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, त्या दिवशी तू त्यांच्याकडेच आला होतास. चार वर्षांपूर्वी ती पिवळी कॅसेट टीव्हीवर मुंग्या दाखवायला लागली होती म्हणून तू त्यांच्याकडे दोन दिवस साफ करायला ठेवली होतीस. आणि त्यांच्याकडे तेव्हाही उतरवायचं यंत्र होतं.

“आके बैठा, पानी भी नहीं पिया,” जब्बारभाई म्हणाले. “पुछा, भाई, तुमने वो कॅसेट उतारके रक्खी थी क्या? मी म्हटलं, न्हाई रे बाबा. तूच कसम घातली होती ना, उतरवायची न्हाई म्हणून. मैं कैसे उतारता?”

तू काय म्हणालास, मी विचारलं. उठता उठता म्हणालास म्हणे, “बराबर केलं तुम्ही,” आणि स्टेशनकडे निघालास.

जब्बारभाईंचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, तेव्हा त्यांनी तुझा शब्द मोडला असता तर बरं झालं असतं. मी त्यांना म्हटलं, तुमची काही चूक नाही. मनात म्हटलं, शब्द पाळणारा दोस्त मिळाला तुला, आणि शब्द कसला घेतला होतास, तर असला. एकही माणूस तुला बेइमान भेटू नये म्हणजे काय नशीब!

मी उठले आणि या खोलीत आले. पिवळी कॅसेट तिच्या जागेवर होती, रुमालात गुंडाळलेली. मशिनला लावली, टीव्ही लावला. तीन ओळी आल्या, तिन्ही कोऱ्या.

मागचे चार स्क्रू काढले. आतला सेल नवाकोरा, त्याच्या दोन्ही बाजूंचं सोल्डरिंगचा डाग दिलेलं कथील अजून चकचकत होतं. तुझंच काम. इतका गोल, नीटस डाग या भागात दुसरं कुणी देत नाही. म्हणजे तू ऐकलं होतंस माझं, निम्मं. सेल जातोय हे पटलं तुला, पण आधी उतरवून घ्यायचं तेवढं पटलं नाही. मी हातात स्क्रू घेऊन बसले आणि तुला इतक्या शिव्या दिल्या की वहिनीनं दार वाजवलं.

एक गोष्ट मात्र माझ्या नंतर लक्षात आली, आणि ती सांगितली नाही तर मी बेइमान ठरेन. तुला ती चार अक्षरं पुन्हा निवडून ओळ भरता आली असती. दोन मिनिटांचं काम होतं. आईला कळलं नसतं, मलाही कदाचित कळलं नसतं. तू तसं केलं नाहीस. खोटं नाव लिहायला तुझा हात धजला नाही. तीन आठवडे ती ओळ कोरी ठेवलीस आणि खरी कुठं सापडते का, ते शोधत बसलास. याबद्दल मी तुझ्या पाया पडेन दादा. पण तूच ते सांगितलं असतंस तर जास्त बरं झालं असतं.

आता प्रश्न आईचा होता. पुढच्या महिन्यात बाबांचा स्मृतिदिन. ती टीव्हीसमोर बसणार, बोट पुढं करणार, आणि पंधरा दिवसांपूर्वी पोरगा गेलेल्या बाईला मी काय दाखवणार? खरं सांगते, मी ती अक्षरं शोधायला लागले होते. सिग्नल सापडला, रूळ सापडला. मग मशीन बंद केलं, आणि काल दुपारी आईजवळ जाऊन बसले. ती गव्हातले खडे काढत होती. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, आई, बाबांची कॅसेट होती ना, त्यातलं नाव गेलं.

आई म्हणाली, “मला ठावं हाय.”

आई सूप बाजूला ठेवून सांगायला लागली. तू मशीन चालू ठेवूनच सेल बदलायला घेतला होतास, म्हणजे मशिनच्या करंटवर नाव टिकून राहील. जुना काढलास, नवा लावणार, तेवढ्यात लाइट गेली. दादा, अरे जन्म पूर्णेत गेला तुझा! इथं पीठ दळायला टाकलं तरी लाइट जाते. दुकानात इन्व्हर्टर, घरात इन्व्हर्टर नाही, आणि तू बाबांचं नाव महावितरणच्या भरवशावर सोडलंस? जगातला कुठलाही शहाणा कारागीर हे करणार नाही. ज्याला यंत्राबद्दल सगळं कळतं आणि ज्याला बहिणीकडे यंत्र मागायची लाज वाटते, तोच करेल.

“माझ्यापशी येऊन बसला,” आई म्हणाली. “लेकरासारखा रडला. म्या मनलं, जाऊ दे रे. माणूसच न्हाई ऱ्हायलं, नावाचं काय घेऊन बसलास? मला तर डोळे मिटले तरी दिसतंय ते. तर मनला, तुझं ठीक हाय आई. वैशीला न्हाई सांगायचं. ती माझं तोंड बघणार न्हाई.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्या मनलं, न्हाई सांगत.” आईनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. “तू त्याला लय बोलत व्हतीस माय.”

काल दुपारपासून मला तुझ्यावर ओरडायचंय आणि माझ्यावर ओरडायचंय, आणि दोन्ही एकदम जमत नाहीये. आईला सांगितलंस. जब्बारभाईंसमोर जाऊन बसलास. छातीत कळा येत असताना सोडा पिऊन गाडीत बसलास, पण मला फोन केला नाहीस. मी काय केलं असतं? बोलले असते. हो, बोललेच असते. चार दिवस बोलले असते, तुझी अक्कल काढली असती, वहिनीला फोन करून तुझी गाऱ्हाणी सांगितली असती. पाचव्या दिवशी भाकरी बांधून घेऊन आले असते आणि तुझ्याशेजारी बसून रडले असते. बाबांचं नाव गेल्याचं दुःख करायला मला जगात तुझ्याशिवाय दुसरं होतं कोण?

सेलूची गाडी परभणीवरून जाते दादा. त्या रविवारीही ती परभणीला थांबली होती, मी वेळापत्रक बघितलं. स्टेशनपासून माझं घर दहा मिनिटांवर. शाळेला सुट्टी होती, मी घरीच होते, केस धुऊन उन्हात बसले होते. तू खिडकीतून फलाट बघितला असशील. तू उतरायचं होतंस.